मावशींचा सत्कार नेमका कशाबद्दल करायचा?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची मिटिंग होती. विषय नेहमीचेच, गळणारं छत, वर्गणी थकलेल्यांची यादी, दिवाळी अंकांचं बिल, आणि सगळ्यात शेवटी आयत्या वेळचे विषय. त्यात एक संचालक म्हणाले, यंदा आपल्या ग्रंथपाल मावशींचं नाव पुरस्काराला पाठवूया, लै करतात त्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सेक्रेटरींनी पेन काढलं आणि विचारलं, "काय काय करतात ते सांगा, लिहायचंय."

झालं. सगळे गप्प. एकजण म्हणाला स्वभाव चांगला आहे, दुसरा म्हणाला वेळेवर येतात, तिसरा म्हणाला वीस वर्षं झाली की त्यांना. आता स्वभाव चांगला, वेळेवर येणं आणि वीस वर्षं हे तर समोरच्या पानपट्टीवाल्याबद्दलपण खरं आहे.

मी कार्यकारिणीत आहे ते माझं घर वाचनालयासमोर आहे म्हणून, बाकी पात्रता शून्य, पण समोर असल्यामुळे मला दिसतं की मावशी काय करतात, फक्त त्याला म्हणायचं काय ते मला त्या दिवशी सुचलं नाही. नंतर कळलं की त्याला नाव आहे, सर्वसमावेशक ग्रंथालय सेवा. नाव ऐकून झोप येते हे मान्य. म्हणून म्हटलं आपल्या भाषेत लिहून काढूया, म्हंजे मलापण समजेल आणि ज्यांच्या गावात किंवा पेठेत असं कुणी आहे त्यांनापण.

सोपं करून सांगतो. आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला कुणालाच बंदी नाही. पण गुडघे गेलेल्या माणसाला मधे टेकायला बाकडं नसेल तर त्याच्यापुरता रंकाळा बंदच की. वाचनालयाचं तसंच आहे. "सर्वांसाठी खुले" अशी पाटी लावणं हा एक भाग झाला, आणि सर्वांना ते खरंच वापरता येणं हा दुसरा. या दोन्हीत जे अंतर असतं ना ते कमी करत राहण्याचं काम म्हंजे सर्वसमावेशक सेवा. आणि ते अंतर इमारत कमी करत नाही, काउंटरमागे बसलेलं माणूस करतं, हे मला सांगायचंय.

आता अंतर कुठं कुठं असतं ते बघा, कारण ते दिसत नाही. जो आत आलाच नाही त्याची तक्रार येणार कुठून?

पायऱ्या तर सगळ्यांना कळतात. आमच्या वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक सात इंच, म्हंजे एकवीस इंच उंची. रॅम्पचा साधारण नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, तर व्हीलचेअर स्वतः ढकलत वर जाता येते. म्हंजे आम्हाला एकवीस फूट रॅम्प पाहिजे होता. आम्ही बांधला सहा फुटाचा, कारण पुढं गटार आहे. त्याच्यावरून व्हीलचेअर काय, शेजारची पोरं बसून घसरतात. फोटो काढला, अहवालात छापला, आणि आता त्याच्यापुढं दोन गाड्या लावलेल्या असतात, त्यातली एक माझी होती हे इथं कबूल करतो.

पण पायऱ्या सोडा, बाकीचं जास्त इंटरेस्टिंग आहे. बऱ्याच जुन्या वाचनालयांत अजून अशी पद्धत आहे की पुस्तकं जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडं, तुम्ही यादीत नाव शोधायचं, नंबर चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी द्यायची, मग पुस्तक येणार. ज्याला भराभर वाचता येतं त्याला यात काय वाटत नाही. पण ज्या बाई चाळिशीत साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या त्यांना सगळ्यांपुढं उभं राहून यादी वाचायची म्हंजे परीक्षाच. त्या एकदा येतात, घाम पुसतात आणि परत येत नाहीत. पुस्तकं उघड्या कपाटात ठेवून "बघा हाताळून" म्हणणं, याला आपल्याकडं मुक्तद्वार पद्धत म्हणतात, ही सोय वाटते, पण त्या बाईंसाठी ती सोय नाही, दारच आहे.

मग वेळ. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद. आता घरातली बाई मोकळी कधी होते? बारा ते चार. म्हंजे ज्या वेळेला ती येऊ शकते बरोबर तेवढ्याच वेळेला आपण कुलूप लावतो आणि वर म्हणतो बायका वाचत नाहीत. तिकडं शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट करणारा रात्री आठनंतर मोकळा होतो, तेव्हापण आपण बंद.

मग अनामत आणि पत्त्याचा पुरावा. ऊसतोडीला बीडकडनं आलेलं कुटुंब सहा महिने फडावर कोपीत राहतं, त्यांच्याकडं कोल्हापूरचा पत्ता कुठला? इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या परप्रांतीय पोराकडं भाडेकरार असतोच असं नाही. त्यांना पुस्तक घरी द्यायला नियम आडवा येतो, ठीक आहे, पण बसून वाचायला कुठला पुरावा लागतो? कायच लागत नाही. हे त्यांना कुणी सांगतच नाही.

आणि सगळ्यात चिवट अडथळा म्हंजे नजर. पेपर वाचायला पुढच्या हॉलमध्ये आमच्यासारखे दहा-बारा पुरुष पाय पसरून बसलेले असतात. एखादी पोरगी आत आली की दहा पेपर खाली होतात. कुणी वाईट नसतं हो, पण दहा पेपर खाली होतात. तसंच कामावरनं मातीच्या कपड्यात आलेला गवंडी दारातच घुटमळतो. तृतीयपंथी वाचक आला की फॉर्ममध्ये दोनच चौकोन, पुरुष आणि स्त्री. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली तिसरी ओळख मान्य केली, २०१९ ला वेगळा कायदा झाला, आमचा फॉर्म मात्र बहुतेक त्याच्या आधीच्याच झेरॉक्सची झेरॉक्स आहे.

अपंगत्वाबद्दल बोलायचं तर तिथंपण आपल्या डोक्यात चित्र एकच, काठी किंवा व्हीलचेअर. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ झाले, त्यात वाचायला-लिहायला अडचण येणारी, म्हंजे डिस्लेक्सियावाली मुलं आहेत, ऑटिझम आहे, मानसिक आजार आहेत, पार्किन्सन्स आहे. यातलं बरंच बाहेरनं दिसत नाही. एखादं पोरगं ओरडलं तर काउंटरवरच्या माणसानं "शांतता राखा" च्या पाटीकडं बोट दाखवायचं का त्याला मागच्या खोलीत चित्रांची पुस्तकं काढून द्यायची, हा निर्णय दोन सेकंदात घ्यावा लागतो आणि त्याचा शासन निर्णय निघालेला नसतो.

हे सगळं बाहेरनं आलेलं फॅड आहे असं आमच्या एका ज्येष्ठ संचालकांचं मत आहे. त्यांना मी म्हटलं, काका, तुम्ही कोल्हापुरात बसून हे बोलताय? इथलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुठं झाला म्हणता? मद्रासचा १९४८ चा, तो लोकांना माहीत असतो. त्याच्या आधी १९४५ ला कोल्हापूर संस्थानानं केला. महाराष्ट्राचा कायदा यायला त्यानंतर १९६७ साल उजाडलं. जगात भारी म्हणताना आपण पांढरा रस्सा सांगतो, हे सांगत नाही.

आणि शाहू महाराजांची आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट तर इथं शेंबडं पोरगंपण सांगतं. पण त्या गोष्टीत आपण महाराजांचं मोठेपण बघतो आणि पद्धत बघत नाही. अस्पृश्यता पाळू नका असे आदेश महाराजांनी काढलेच, पण त्या हॉटेलात गिऱ्हाईक जाईना तेव्हा ते स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले आणि बरोबरच्यांनापण पाजायला लागले. कागदावर दार उघडलं तरी माणसं आत येत नाहीत, कुणीतरी रोज तिथं उभं राहून ये म्हणावं लागतं, हे त्यांना कळलेलं होतं.

जगभरात जे ठरलंय तेपण काय वेगळं नाही. युनेस्को आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा एक जाहीरनामा आहे, पहिला १९४९ चा, मग १९७२, १९९४ आणि आता २०२२ ला नवा केला. त्याचं सार एका ओळीत, वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा, सामाजिक स्थिती काही असो, सेवा सगळ्यांना सारखी, आणि ज्यांना नेहमीची सेवा वापरता येत नाही त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करायची. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. सारखी सेवा म्हंजे सगळ्यांना एकच वागणूक नव्हे. आणि आपले रंगनाथन, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, ज्यांच्या जन्मदिवशी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन करतात, त्यांनी १९३१ लाच पाच सूत्रं मांडली होती, त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. "प्रत्येक" हा शब्द आपण भाषणात म्हणून टाकतो, पण काउंटरवर तो शब्द लै महाग पडतो.

कसा महाग पडतो ते एका आबांच्या गोष्टीवरनं सांगतो. रिटायर टर्नर, आयुष्य लेथवर गेलं, रोज सकाळी पहिला पेपर त्यांचा. डोळ्यांत काचबिंदू, दोन-तीन वर्षांत दिसणं जवळजवळ गेलं. एक दिवस यायचे बंद झाले. आमच्या कुणाच्या लक्षातपण आलं नाही, उलट पेपर लवकर मिळायला लागला. मावशींच्या लक्षात आलं, कारण त्यांच्याकडं एक वही आहे, दाखल नोंदवही नाही, साधी दोनशे पानी, त्यात कोण यायचं थांबलं आणि कुणी काय मागितलं जे आपल्याकडं नव्हतं एवढंच लिहितात. त्या आबांच्या घरी गेल्या. आबा म्हणाले, "बाई, आता तिथं येऊन काय करू, भिंतीकडं बघत बसू?"

पुढचे तीन महिने मावशींनी काय केलं ते मी खिडकीतनं बघितलंय. आधी त्यांनी मोठ्या अक्षरातली पुस्तकं शोधली, दोन-चार मिळाली, पण आबांच्या डोळ्यांचं त्याच्या पुढं गेलं होतं. मग ब्रेल. तर ब्रेलबद्दल गैरसमज असा की पुस्तक ब्रेलमध्ये आणलं की झालं. एकतर ब्रेलमधलं पुस्तक जाडजूड होतं, एका मध्यम कादंबरीचे दोन-तीन मोठे खंड होतात, आणि दुसरं म्हंजे सत्तरीत नजर गेलेल्या माणसाच्या बोटांना ते सहा ठिपके नव्यानं शिकणं अवघड. आणि टर्नरच्या बोटांना तर घट्टे. काही मराठी वाचनालयांत ब्रेलचं कपाट असतं, उद्घाटन झालेलं असतं, रिबीनीचा तुकडा अजून कडीला असतो, आणि पुस्तकं न हाताळलेली, कोरी करकरीत असतात, त्याचं एक कारण हे आहे. ब्रेल वाईट नाही, लहानपणापासून शिकलेल्याला त्याच्यासारखं काय नाही, पण आधी विचारावं लागतं की तुम्हाला काय चालेल.

आबांना आवाज चालणार होता. तिथं मावशींना कळलं की सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ ला सुरू झालेलं, छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठीच, त्यात बऱ्याच भारतीय भाषांतली पुस्तकं फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ऐकण्याजोग्या रूपात असतात. सभासद व्हायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मग सीपीआरला, म्हंजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याला चकरा. आबांच्या मुलाला सुट्टी नाही, मावशी गेल्या, दोनदा. फोनमधलं टॉकबॅक चालू करायला शिकवलं, म्हंजे बोट ठेवलं की फोन बोलतो काय आहे ते. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकलं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. सुरुवातीला त्याचं मराठी ऐकून आबा म्हणाले हा कोण सायेब बोलतोय. आठवड्याभरात सवय झाली.

एक पुस्तक मात्र कुठंच मिळेना, जुनं होतं. मावशी म्हणाल्या स्कॅन करून वाचायला लावूया का, तर आमचे सेक्रेटरी घाबरले, कॉपीराइट लागेल म्हणाले. ही भीती लै ठिकाणी आहे म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. त्यानुसार अपंगत्वामुळे ज्याला नेहमीचं पुस्तक वापरता येत नाही त्याच्यासाठी ते वापरण्याजोग्या रूपात करून देणं हा कॉपीराइटचा भंग धरत नाहीत. अट अशी की त्यात नफा कमवायचा नाही, संस्थेनं द्यायचं तर फक्त तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि ती प्रत त्याच लोकांपर्यंत राहील, बाजारात जाणार नाही हे बघायचं. पुढच्या वर्षी, २०१३ ला, दृष्टिहीन वाचकांसाठी अशीच मोकळीक देणारा जगभराचा माराकेश करार झाला, आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. म्हंजे कायद्यात आपण जगाच्या पुढं, आणि काउंटरवर सेक्रेटरी घाबरलेले. मावशींनी पुस्तक स्कॅन केलं, दोनशे चाळीस पानं, चार दुपारी, म्हंजे ज्या वेळेचा त्यांना पगार नाही त्या वेळेत.

आता बघा, हे सगळं अहवालात कसं दिसतं? "दिव्यांग सभासद : १". बस. एक आकडा. आणि तिकडं ज्या वाचनालयानं व्हाइट केन डेला, म्हंजे अंधांच्या पांढऱ्या काठीच्या दिवशी, पाहुणे बोलावून, फेटे बांधून, पन्नास जणांना शाली वाटल्या त्यांच्या अहवालात आकडा पन्नास. तुम्ही परीक्षक असाल तर कुणाला मार्क द्याल? कौतुक करायचं म्हटलं की आपली गाडी अडते ती इथं.

आपल्याकडं राज्य शासनाची पुरस्काराची रीतसर व्यवस्था आहे, ते बऱ्याच वाचकांना माहीतच नसतं. ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार, अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे (अ सगळ्यात मोठं, ड सगळ्यात लहान), शहरी आणि ग्रामीण वेगवेगळे. आणि माणसांना डॉ. रंगनाथन यांच्या नावानं ग्रंथमित्र पुरस्कार, त्यात दोन प्रकार, कार्यकर्ता आणि सेवक. कार्यकर्ता म्हंजे चळवळीसाठी, संस्थेसाठी झटणारा, बहुतेक वेळा पदाधिकारी. सेवक म्हंजे पगारावर काम करणारा, ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक, शिपाई. राज्य पातळीवर आणि महसूल विभागाच्या पातळीवर असे दोन्हीकडं देतात, आपण पुणे विभागात येतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत जातो. सेवकाला वेगळा पुरस्कार असणं ही चांगली गोष्ट आहे, हे आधी मान्य करूया, नाहीतर स्टेजवर कायम अध्यक्षच.

पण प्रस्ताव तयार कोण करतं? संस्था. फाईल जाड कुणाची होते? जिच्याकडं कात्रणं, फोटो आणि टाइप करणारा माणूस आहे तिची. आबांच्या घरी जाण्याचं कात्रण नसतं. अमेरिकेत "आय लव्ह माय लायब्ररियन" म्हणून पुरस्कार आहे, २००८ पासून, दरवर्षी दहा जणांना, प्रत्येकी पाच हजार डॉलर, आणि त्यात नाव सुचवायचं ते वाचकांनी. म्हंजे ज्याच्यासाठी केलं तोच सांगतो काय केलं. तिथं सगळं चांगलं आणि इथं वाईट असं मला म्हणायचं नाही, तिकडंपण ज्याला चार वाक्यं नीट लिहिता येतात त्याचाच ग्रंथपाल पुढं येत असणार. पण हा भाग मात्र उचलण्यासारखा आहे, आणि त्यासाठी शासनाची वाट बघायला नको, आपल्या प्रस्तावात वाचकांची तीन पत्रं जोडायला कुणी अडवलंय? लिहिता येत नसेल त्यानं सांगावं, दुसऱ्यानं लिहावं, खाली अंगठा.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत, लोकांच्या संस्था आहेत, शासन अनुदान देतं. २०२२ ला अनुदान ६० टक्के वाढलं, खूप वर्षांची मागणी होती. त्या वाढीनंतर गावाकडच्या ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांचं ४८ हजार झालं. साधारण निम्मं पगारावर, निम्मं पुस्तकं, भाडं, वीज वगैरेवर. म्हंजे तेव्हा पगाराला वर्षाचे २४ हजार, महिन्याला २ हजार रुपये बसले. हे वाचून झालं की परत एकदा वाचा. असल्या पगारात ते माणूस कुलूप उघडतं, झाडू मारतं, पुस्तकं देतं-घेतं आणि त्याच्याकडनं आपण सर्वसमावेशक सेवेची अपेक्षा करतो. आमचं क वर्गाचं आहे, तिथं जरा बरं, पण "जरा"च. चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा तिकडं एकेक माणसावर वाचनालय चाललेलं असतं. त्यामुळं शाल-श्रीफळ देताना हात जरा चाचरला पाहिजे. मावशींना आजवर मिळालेल्या शाली त्यांनी वाचनालयाच्या बाकड्यांवर घातल्यात, म्हाताऱ्या माणसांना थंडीत लाकूड बोचतं म्हणून.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांमधनं, ही संस्था १९७२ ची आहे, बालविभागासाठी, दिव्यांग, महिला, ज्येष्ठ वाचकांच्या विभागासाठी मदत मागता येते. ही मागायचीपण फाईल असते, आणि ती फाईल करणारा माणूस परत आमच्या मावशीच.

मग कौतुक करताना बघायचं काय? मला विचाराल तर मी एकच प्रश्न आधी विचारीन, दुसऱ्यांदा आला का? पहिल्यांदा कार्यक्रमाला, शालीला, नाश्त्याला कुणीपण येतं. जो आधी येत नव्हता तो आला, आणि स्वतःहून परत आला, तर काउंटरवर कायतरी बरोबर घडलंय. हे मोजता येतं, रजिस्टर असतंच. त्यानंतर बघायचं की नियम वाकवला का बदलला. म्हंजे मावशींनी फौंड्रीच्या पोराला गुपचूप आपल्या नावावर पुस्तक दिलं तर तो चांगुलपणा झाला, पण त्या रजेवर गेल्या की पोरगं परत बाहेर. त्यांनी कार्यकारिणीशी भांडून "मालकाचं किंवा सभासदाचं हमीपत्र चालेल" असा ठराव करून घेतला, ती सेवा झाली. आमच्याकडं हा ठराव झालाय, आणि मी त्याच्या विरोधात बोललो होतो, पुस्तकं जातील म्हणून. दोन वर्षांत त्या हमीपत्रावर गेलेली पुस्तकं एक. संचालकांनी घरी नेऊन परत न आणलेली किती ते मी इथं लिहीत नाही.

आणि एक धोका आहे जो कौतुकाच्या भरात दिसत नाही. एका माणसाला डोक्यावर घेतलं की बाकीचे सुटतात. "आमच्या मावशी आहेत की" म्हंजे रॅम्प सहा फुटाचाच राहिला तरी चालेल, कारण मावशी धरून वर आणतात. व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाला दर वेळी धरून आणलेलं आवडतं का हे कुणी विचारलं नाही. म्हणून माझं मत, सत्कार करायचाच तर त्या सत्काराबरोबर त्यांनी दोन वर्षं मागितलेली एक गोष्ट मंजूर करायची. आमच्या मावशींची मागणी होती दुपारी दोन तास वाचनालय उघडं ठेवायची आणि त्या दोन तासांचा पगार द्यायची. वर्गणी महिन्याला पाच रुपये वाढवून ते बसतंय, हिशोब मीच करून दिला, मिटिंगमध्ये पाठिंबा चार, तटस्थ तीन, झालं मंजूर. आता दुपारी बायका येतात, पुढच्या हॉलमध्ये पेपरवाले नसतात, त्यामुळं ऐसपैस बसतात. स्पर्धा परीक्षेची दोन पोरं आली होती, त्यांना मावशींनी मागच्या अभ्यासिकेत पाठवलं.

फोटोचंपण सांगायचं राहिलं. प्रस्तावाला फोटो लागतात आणि काठी घेतलेल्या माणसाच्या हातात पुस्तक देतानाचा फोटो लै उठून दिसतो. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय तो लावू नये, आणि कुणी कुठलं पुस्तक नेलं हे तर कुणालाच सांगू नये. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक घेऊन गेली, तर ते पेठेत कळायला किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत. मावशी असली पुस्तकं पेपरचं कव्हर घालून देतात. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये ह्याला रकाना नाही.

तर मागच्या रविवारी आम्ही फॉर्म भरायला बसलो. सेक्रेटरी, मी आणि मावशी, कारण माहिती शेवटी त्यांच्याकडंच. "विशेष कार्य" ला जागा दोन ओळींची, आम्ही वेगळा कागद जोडला. आबांनी सांगितलं, त्यांच्या नातीनं लिहिलं, ते पत्र जोडलं. मग रकाना आला, दृष्टिहीन व अल्पदृष्टी वाचक संख्या. सेक्रेटरींनी विचारलं किती?

मावशींनी दोनशे पानी वही काढली, बोटावर मोजलं, म्हणाल्या, "नऊ." सेक्रेटरींनी नऊ लिहायला घेतले तर म्हणाल्या, "थांबा. त्यातल्या दोघांना अजून घरात कुणाला सांगायचं नाही. सात लिहा."